कॅमेरा घेऊन विहिरीत उतरलेले दादा

शूटिंगवाले दादा लग्नात कुणालाही "हसा" म्हणायचे नाहीत. श्रीरामपुरात त्या काळी व्हिडिओ शूटिंग करणारे थोडेच होते. बाकीचे नवरानवरीला हसवायचे, माना वाकड्या करायला लावायचे, हार पुन्हा घालायला लावायचे. दादा तो भला मोठा कॅमेरा खांद्यावर घेऊन एका जागी उभे राहायचे आणि म्हणायचे, "हाय तसं ऱ्हावा. मी बघून घेतो." नवरीचा बाप मांडवाच्या कोपऱ्यात डोळे पुसत असला तर ते कॅसेटमध्ये यायचं, आणि पंगतीतून कुणी रुसून उठला असला तर तेही यायचं. लोक म्हणायचे, "दादा, एवढं कापा की." दादा कापायचे नाहीत. "झालं ते झालं. कापून काय न झाल्यासारखं व्हतंय का?"

त्यांच्या स्टुडिओला लागून माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मधली भिंत पत्र्याची. त्यांच्याकडे कुणाच्या लग्नाची कॅसेट चालू आहे हे मला इकडे बसून सनईवरून किंवा चर्चच्या गाण्यावरून कळायचं. दादा माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. मला "सायमन" अशी हाक मारायचे, पण रागावले की "सायमनराव". पत्र्यावर दोनदा टकटक केली की समजायचं, दादा बोलावताहेत.

त्यांची आई बेलापूरच्या बाजूला एका वस्तीवर राहायची. दादा बौद्ध समाजातले, ती वस्तीही त्यांच्याच भावकीची. दादांनी कितीदा विनवलं, पण म्हातारी शहरात यायला तयार नव्हती. "माज्या मालकानं खांदलेली हिर सोडून मी न्हाई येनार," हे तिचं ठरलेलं उत्तर. गावच्या विहिरीवर त्यांच्या माणसांना पाणी शेंदू देत नसत, त्या दिवसांत दादांच्या वडिलांनी आणि वस्तीतल्या इतर गड्यांनी मिळून ती खणली होती. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि संध्याकाळी पहार घेऊन आपल्या खड्ड्यात उतरायचं. दादा तेव्हा लहान होते. वडिलांच्या अंगावरची मुरमाची धूळ त्यांना आठवायची.

एका दुपारी म्हातारी एसटीनं एकटीच आली. औषधाची मोठी बाटली तिनं काउंटरवर ठेवली. आत तांबडंकाळं पाणी होतं, काकवीच्या रंगाचं.

"ह्ये काय आनलं, आई?"

"आपल्या हिरीचं पानी हाय. वरून नितळ दिसतंय, पन तळाला बादली गेली की असं येतंय." तिनं तळहात पुढे केले. कातडी सोलून निघाली होती. "पोरांची प्वाटं बिघडल्यात. पाटलाची म्हस पानी हुंगून माघारी गेली."

वस्तीपासून दोन शेतं ओलांडली की एक दारू गाळायची डिस्टिलरी होती. तिचं मळीचं पाणी मागच्या कच्च्या तळ्यात साठवलेलं असायचं. ते जमिनीतून झिरपत विहिरीत येतं, हे वस्तीतल्या कुणालाही कळत होतं. सिद्ध करायचं मात्र अवघड होतं. अर्ज केल्यावर साहेब लोक आले, सकाळच्या वेळी आले, वरचं नितळ पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. मग निर्णय आला. वस्तीच्या सांडपाण्यामुळे विहीर दूषित झाली आहे, सबब ती बुजवावी, वस्तीला टँकर चालू करावा.

दादांनी त्या दिवशी पत्र्यावर टकटक केली नाही. स्वतःच माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. म्हणाले, "घान आमची म्हनत्यात, सायमन. आमचीच." 

आम्ही इंजिन लावून विहीर उपसून पाहिली. झरा उघडा पडेल असं वाटलं होतं. पण उपसा सुरू झाला की सगळं पाणी ढवळून एका रंगाचं होई, आणि तळ काही लागेना. तिसऱ्या खेपेला दादा काठावर उभे राहून म्हणाले, "ढवळायचं न्हाई. पानी निवांत असतानाच त्याच्या आत जाऊन बघायला पायजे. कॅमेरा पान्याखाली न्यायचा."

मी हसलो. ते हसले नाहीत.

तिथून दादांचं ते वेड सुरू झालं. खांद्यावरचा कॅमेरा पाण्यात नेणं शक्यच नव्हतं. आखाती देशातून आलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी हातात मावणारा छोटा कॅमेरा मिळवला. आता त्याला पाण्यात घालायला पेटी हवी. पुण्याच्या दुकानदारानं परदेशी पुस्तकातलं चित्र दाखवलं. धातूची, चकचकीत, बाहेरून सगळी बटणं दाबता येतील अशी. तिच्या किमतीत असे दोन कॅमेरे आले असते. "चार आन्याची कोंबडी न् बारा आन्याचा मसाला," म्हणत दादांनी ते पुस्तक मिटलं. दुसरी होती जाड प्लास्टिकची पिशवी, पुढे काच बसवलेली. ती परवडणारी होती. दादांचं मन तिच्यावर जवळजवळ बसलंच होतं. पण दुकानदारानं नमुन्याची पिशवी दिल्यावर दादांनी तिच्यात कॅमेऱ्याऐवजी साबणाची वडी घातली आणि ती पाण्याच्या पिंपात हात घालून तळाशी दाबली. पाण्याच्या दाबानं पिशवी आक्रसून वडीला चिकटली.

"बघ, अशी दाबली तर आतलं बटन आपोआप दबंल. चालू असलेला कॅमेरा बंद पडंल. न्हाई चालायची."

शेवटी नगरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये जाड अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यांची पेटी करून घ्यायचं ठरलं. पुढे काच, मागे झाकण, झाकणाला रबर आणि चारी बाजूंनी आवळायच्या कड्या. पहिल्या पेटीत आम्ही टिपकागद ठेवून ती पिंपात बुडवली. कागदाच्या एका कोपऱ्याला ओल आली. वर्कशॉपवाला म्हणाला, "थेंबभरच आहे." दादा म्हणाले, "थेंब म्हंजे पानीच की." रबर बदललं. मग टिपकागद कोरडा निघाला, पण पेटी बुडेना! आत हवा असल्यानं ती भोपळ्यासारखी वर यायची. तिला खाली लोखंडी पट्ट्या बांधल्या. मग काचेवर आतून वाफ धरू लागली. मी औषधाच्या दुकानांतून गोळ्यांच्या बाटल्यांमधल्या, ओल शोषणाऱ्या त्या छोट्या पुड्या गोळा करून आणल्या आणि पेटीत ठेवल्या. आमची दोन्ही दुकानं त्या दिवसांत निम्मा वेळ बंद असायची. वहिनी, म्हणजे दादांची बायको, एकदा मला म्हणाली, "भावजी, तुमी तरी त्यांना समजवा. लग्नाच्या तिथी काढून ठिवल्यात लोकांनी, न् ह्ये पिंपात हात घालून बसल्यात."

पहिल्यांदा पेटी दोरानं विहिरीत सोडली. ती गरगर फिरत गेली. कॅसेटवर हिरवट पाणी, कपार, पुन्हा पाणी, आणि एका क्षणी कपारीतून निघालेला तपकिरी पट्टा दिसला. एवढ्यावर आम्ही टीव्ही टेम्पोत घालून, विहीर बुजवायचा हुकूम जिथून आला होता त्या कचेरीत नेला. साहेबांनी पाहिलं. ते वाईट नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "हे विहिरीचं चित्र आहे हे खरं. पण ही तुमचीच विहीर कशावरून? उद्या डिस्टिलरीवाले विचारतील तर मी काय सांगू?"

बाहेर आल्यावर दादा चालत सुटले. बस स्टँडजवळ थांबून म्हणाले, "बरोबर बोलला मानूस. आता मधी तोडायचंच न्हाई. वस्ती, डिस्टिलरीचं धुराडं, काठावरची मानसं आन् तिथनं थेट पान्यात, झऱ्यापातूर. एका दमात. मला सोता उतरावं लागंल."

"दादा, पोहता येतं ना तुम्हाला?"

"कोन शिकवनार? आमची हिर एकच, ती प्यायाची. तिच्यात बाप पाय घालू द्यायचा न्हाई. आन् दुसऱ्याच्या हिरीत आमाला कोन उतरू देत हुतं?"

ते हे अगदी सहज म्हणाले. माझं बालपण पाटात डुंबण्यात गेलेलं. चाळिशीतल्या दादांना मी त्याच पाटावर घेऊन गेलो, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. धुणं धुणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. दादांना पाण्याची मनापासून भीती वाटायची. गळ्यापर्यंत पाणी आलं की त्यांचा हात माझं मनगट असा धरायचा की वळ उठायचे. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा डबा घेऊन हजर. डबा सुटला, मग बुडी मारायला शिकले. बुडी मारून वर आले की डोळे मिटूनच विचारायचे, "ऱ्हायलो का ह्या बारीला जास्त?"

विहिरीत उतरायच्या दिवशी सगळी वस्ती काठावर जमली होती. म्हातारी मात्र आडवी उभी राहिली. "प्यायच्या पान्यात पाय? तुज्या बापानं जल्मात घातला न्हाई."

"आई, आता ती प्यायची ऱ्हायलीय का?"

म्हातारी विहिरीकडे बघत राहिली. मग बाजूला झाली आणि म्हणाली, "चपला काढ."

दादांनी चपला काढल्या, काठाला हात लावून तो कपाळाला लावला. दुपारचं ऊन थेट विहिरीत पडलं होतं. कॅमेरा चालू करून त्यांनी तो पेटीत ठेवला, मी कड्या आवळल्या. त्यांनी आधी धुराडं घेतलं, मग मधली शेतं, मग माणसांचे चेहरे. दोराला धरून ते उतरू लागले तेव्हाही काच वरच्या माणसांकडे होती. तोवर मी पाण्यात उतरलो होतो. आम्ही दोघं इंजिनाच्या पाइपाला धरून खाली गेलो.

वरचं पाणी हिरवं आणि उजळ होतं. डिस्टिलरीच्या अंगाच्या कपारीतून एक तपकिरी धार निघत होती. चुलीतला धूर वर जातो तशी ती खाली जात होती. बाकी तिन्ही अंगांचे झरे स्वच्छ. दादांनी काच त्या धारेसमोर धरली आणि ती हलू दिली नाही. माझा दम संपला, मी त्यांना ओढलं, ते येईनात. मी वर जाऊन श्वास घेऊन पुन्हा खाली गेलो आणि त्यांच्या शर्टाला धरून वर ओढलं. वर आले तेव्हा नाकातून रक्त येत होतं. खोकत खोकत पहिलं विचारलं, "पेटीत पानी?"

"नाही दादा. कोरडी आहे."

मग ते पाइपाला कवटाळून रडले. काठावरच्यांना वाटलं खोकताहेत.

कचेरीत साहेबांनी ती कॅसेट दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा पाहताना शिपायाला दार लावायला सांगितलं. विहीर बुजवायचा हुकूम मागे घेतला गेला. 'वस्तीच्या सांडपाण्यामुळे' हे शब्दही निघाले. डिस्टिलरीच्या तळ्याला तळातून अस्तर करायला लावलं, पण ते काम रखडत रखडत झालं. तोवर जमिनीत जे मुरायचं ते मुरलं होतं. वस्तीला टँकरच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. पोटाचं दुखणं होतं. ते पाण्यामुळेच, असं लिहून द्यायला कुठलाही डॉक्टर तयार झाला नाही, आणि दादांनीही तसा आग्रह धरला नाही.

त्यानंतर स्टुडिओवर माणसं कमी येऊ लागली. कुणी उघड काही म्हणालं नाही. डिस्टिलरीतल्या कुणाची सोयरीक असायची, कुणाचा पोरगा तिथं कामाला, कुणाचा ट्रॅक्टर भाड्यानं लागलेला. ठरलेली लग्नं 'घरच्यांनीच दुसरा सांगितलाय' म्हणून सुटू लागली. दादांनी वर्षभर वाट पाहिली. मग वहिनीच्या भावाकडे नाशिकला गेले. सामान टेम्पोत भरताना मी म्हणालो, "दादा, तुम्ही केलं त्याचं चीज झालं नाही."

"कुनी सांगितलं? हिर हाय ना जाग्यावर? बुजवली असती तर तितं काय हुतं ते कुनाला सांगता आलं असतं?" आवाज ठाम होता, पण चेहरा पार उतरला होता.

काही वर्षांनी वस्तीवरून मला निरोप आला. दोन-तीन पावसाळे चांगले झाले होते आणि विहिरीचं पाणी तळापर्यंत नितळ आलं होतं. लोकांनी ठरवलं, पहिला तांब्या दादांनी प्यायचा. दादा नाशिकहून आले. केस पांढरे झाले होते. काठावर तीच माणसं, काही नवी. म्हातारीच्या शेजारच्या चंद्राकाकूंनी स्वतः शेंदून पितळेचा तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दादांनी तांब्यात पाहिलं. वास घेतला. पुन्हा पाहिलं. तांब्या ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली घेतला.

"काकू, आधी नगरला तपासायला धाडू. रिपोट आला की पिऊ."

काकूंचा चेहरा पडला. "आरं, पोरं चोरून पित्यात की आठ दिस झालं. तुजा इस्वास उडाला व्हय?"

"व्हय काकू," दादा म्हणाले. "लई धरून बघितला. न्हाई ऱ्हायला."

त्यांनी तांब्या सांडू न देता दोन्ही हातांनी काकूंना परत दिला.  काकूंनी तो मग शेजारी उभ्या असलेल्या एका सुनेला दिला, तिनं तो गटागटा प्यायला. दादा ते बघत उभे होते, भीतीनं, जणू तिला आत्ता काही होईल.

श्रीरामपूरच्या स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. नाशिकची गाडी लागेपर्यंत आम्ही एका बाकावर बसून होतो. गाडीत चढताना म्हणाले, "रिपोट आला की मला कळीव. चांगला असला तरी कळीव."

रिपोर्ट चांगला आला. मी कळवलं. त्यानंतर ते वस्तीवर आले नाहीत.