बारा कोटी चौतीस लाखांच्या आकड्यावरून भांडण

धारूरच्या त्या खासगी क्लासातल्या मास्तराचं तोंड मला आजही बघवत नाही. खोटं कशाला बोलू?

माझी नात आठवीत होती. त्यानं फळ्यावर १२३४५६८७९ असा आकडा लिहिला आणि ठोकून दिलं, ही मूळ संख्या हाय, एक अन् स्वतः सोडून हिला कशानंच भाग जात न्हाई. पोरगी उठून म्हणाली, "सर, नऊनं जातो." झालं, काढलं तिला वर्गाबाहेर. वर म्हणाला, "घरी त्या म्हातारीपाशीच शीक." म्हातारी म्हणजे मी.

मी शाळेची पायरी चढले नाही. रद्दीत आलेली गणिताची पुस्तकं वाचत शिकले. पण आकड्यातले अंक मिळवायचे, बेरजेला नऊनं भाग गेला की अख्ख्या आकड्यालाही जातो, हे मला तोंडपाठ. नातीला मीच शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन तेलगावहून पहिली एस्टी धरली. पोरगी वर्गात बसलीच पाहिजे, एवढंच डोक्यात. वाटेत ती दोनदा म्हणाली, "आजी, तू नको ना येऊ." ऐकतंय कोण!

मास्तर दारातच उभा. "कशापायी आलात आजीबाई? भजन देवळात असतंय."

"तुमचंच भजन करायला आले. एकापासून नऊपर्यंतच्या अंकांची बेरीज किती?"

"पंचेचाळीस."

"मग नऊनं जातोय का न्हाई? अंक कसेबी उलटेपालटे करा, जाणारच."

तो फळ्याकडं गेला, मागोमाग मीही आत. त्यानं दोनदा अंक फिरवले, दोनदा भागलं. दोन्हीदा बाकी शून्य. मागच्या बाकांवर पोरं खिदळायला लागली. तिथंच मी गप बसायला पाहिजे होतं. पण मला लई चेव आलेला.

"आन् त्या पयल्या आकड्याला सातनं?" मास्तर दातओठ खात म्हणाला.

"पंचेचाळीसला सात जात न्हाई, म्हंजे त्यालाबी न्हाई. एवढंबी येत न्हाई व्हय तुमाला?"

नात आत आली. त्याच्या हातातला खडू घेतला आणि सातनं भागायला लागली. एकेक अंक खाली उतरवत गेली. शेवटी बाकी शून्य.

"आजी, अंकांच्या बेरजेचं तीनला अन् नऊला चालतंय. सातला न्हाई." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं.

मास्तर खदाखदा हसला. "ऐका आजीबाई, नात काय म्हणतीय!"

"अन् सर, नऊनंबी गेला, सातनंबी गेला. मग मूळ संख्या कशी?"

हसणं तिथंच थांबलं. ती जाऊन पहिल्या बाकावर बसली, वही उघडली. ऊठ म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. मग राग निघाला माझ्यावर. "तुमी निघा आता."

"जा आजी," नातही म्हणाली. आवाज त्याच्यासारखाच कोरडा.

माफी त्यानं मागितली नाही, मीही नाही. बाहेर येऊन खिडकीतून बघत राहिले. त्यानं फळ्यावर नवा आकडा लिहिला, आणि तोंड उघडायच्या आधी एकदा पहिल्या बाकाकडं बघून घेतलं.