पुलावरची कॅसेट

आखातात असताना रात्रपाळी सुटली की आमचा ड्रायव्हर आम्हांला बसने हिद्दहून मनामाला आणायचा. मूळचा गुहागरकडचा. पहाटे वाटेतल्या समुद्रावरच्या पुलावर रोज मिनिटभर गाडी थांबवून समोर उजळणारं शहर बघायचा. दमलेली माणसं मागून शिव्या घालायची. "यल्ला, झालंच!" म्हणायचा, पण मिनिट पुरं करायचा.

बायकोला वाचता येत नसल्याने तो पत्राऐवजी कॅसेट पाठवी. एकदा तिने उलट कॅसेटवर विचारलं होतं, तिकडे सुखात आहात ना, खरं सांगा. त्याने पुलावर टेपरेकॉर्डर माझ्यापुढे धरला. "सायब, तुमी बीए झालेले. ह्ये कसं दिसतंय ता तिला सांगा."

आमच्या घराण्यातला पहिला बीए मी. पुलावरून दिसणाऱ्या पहाटेच्या शहरावरची एक इंग्रजी कविता परीक्षेला होती. तिचं पाठ केलेलं रसग्रहण मी मराठीत म्हटलं: भव्य, निर्मळ, प्रशांत.

त्याने ते शांतपणे ऐकलं आणि टेपवरून पुसून टाकलं. "राग मानू नका. ह्यात मी तिला गावायचा नाय."

मग इंजिन बंद करून त्याने रेकॉर्डर खिडकीबाहेर धरला. पाणी दगडांवर हलकेच आपटत होतं. "आयक गो," एवढंच तो बोलला.

मागून कोणी शिवी दिली नाही. वर्णन करताना मी बाहेर पाहिलंच नव्हतं. ते आता पाहिलं.