तिसऱ्या मजल्यावरचा धूर

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मला एका जागी बसवत नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता पुसट झालं. हे प्रकरण तसं पाहिलं तर दोन शेजाऱ्यांच्या भांडणाचं, आणि नेमकं तेच डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी नागपुरातल्या एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. ठाण्यात सर्वांत जास्त डोकेदुखी कोणाची, असं विचाराल तर मी चोरांचं नाव घेणार नाही. फ्लॅटमध्ये राहणारे शेजारी म्हणेन. चोर एकदा कबूल झाला की गप्प बसतो, शेजारी दर आठवड्याला येतात. पार्किंग, कुत्रं, पाण्याची टाकी, वरच्याच्या कूलरचं खाली गळणारं पाणी. अशा तक्रारी अदखलपात्र म्हणून नोंदवायच्या, दोघांना बोलवायचं, दोन शब्द सुनवायचे आणि ठाणे डायरीत ‘उभयतांना समज दिली’ असं लिहून पान उलटायचं. ही ओळ मी किती वेळा लिहिली असेल, मोजदाद नाही.

या प्रकरणातल्या बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. माहेर-सासर दोन्ही नरखेड तालुक्यातलं, नवरा वारलेला, इतवारीतल्या एका कापड दुकानात नोकरी. एकच मुलगी, बारावीला, लहानपणापासून दम्याची. त्यांच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर, मिहानमधल्या एका कंपनीत काम करणारा तिशीचा माणूस एकटा राहायचा. दिवसाला पाकीटभर सिगारेट. उन्हाळ्यात तो गॅलरीत उभा राहून ओढायचा आणि वरचा कूलर ती हवा खेचून थेट मुलीच्या पलंगावर फेकायचा. कूलरचं कामच ते, बाहेर जे असेल ते आत आणायचं. भांडण तिथून पेटलं. सोसायटीनं गॅलरीत ओढायला बंदी घातली, तर गडी बाथरूममध्ये ओढू लागला. मग धूर बाथरूमच्या जाळीतून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप असतात त्या उभ्या पोकळीत, आणि तिथून वरच्या बाथरूमच्या जाळीतून बाईंच्या घरात.

नोव्हेंबरात बाई तिसऱ्यांदा ठाण्यात आल्या. मी त्यालाही बोलावून घेतलं. त्या दिवशी मला बंदोबस्ताच्या बैठकीला जायचं होतं आणि माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

“साहेब, पोरगी रातभर खोकलून राहिली,” बाई म्हणाल्या. “याले म्हणा, एक महिना सोडून दाखव.”

“सर, मी माझ्या घरात ओढतो,” तो म्हणाला. “गॅलरीत नाही, जिन्यात नाही. आता काय रस्त्यावर जाऊन बसू? आणि या रोज दारावर येऊन सगळ्या बिल्डिंगसमोर ओरडतात. एक दिवस असा धूर सोडीन न, समजून जाल.”

माझ्यासमोर धमकी. माझं डोकं सणकलं. टेबलावर हात आपटून मी त्याला म्हणालो, धुराचा काहीतरी इंतजाम कर, नाहीतर आत टाकीन. बाईंना म्हणालो, तुमची ती जाळी बंद करून टाका, इथं रोज यायची गरज नाही. दोघंही मान हलवून गेले. डायरीत ओळ पडली. मी बैठकीला वेळेवर पोचलो आणि त्याचं मला समाधानही वाटलं.

डिसेंबरात, थंडी चांगली पडली होती तेव्हा, एका सकाळी साडेनऊच्या सुमाराला नियंत्रण कक्षाचा फोन आला. मुलगी आंघोळीला गेली ती अर्धा तास बाहेर आली नाही. आईनं दार बडवलं, आतून उत्तर नाही. आईची किंकाळी ऐकून खालचा माणूस धावत वर गेला, खांद्यानं दार तोडलं, बाईंनी मुलीला चादरीत गुंडाळलं आणि त्यानं तिला उचलून आपल्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते.

बाईंचं म्हणणं एकच. “त्यानंच धूर सोडला, साहेब. दार तुटल्याबरोबर सिगारेटचा भपकारा आला. मले का वास समजत नाही?”

दुपारपर्यंत नरखेडहून त्यांचे दोन भाऊ आले आणि ठाण्याच्या बाकावर ठाण मांडून बसले. मोठा मला म्हणाला, “त्याले आत टाका साहेब, नाहीतर आम्ही पाहून घेतो.” तेवढ्यात सोसायटीच्या सचिवांनी मला बाजूला घेऊन हळूच खबर दिली. आठ दिवसांपूर्वी या माणसानं डक्टमध्ये पंखा बसवून घेतला होता, तोंड वरच्या दिशेला. धमकी मी माझ्या कानांनी ऐकलेली, त्यात आता पंखा. मला वाटलं, चला, गाठ सुटली.

तीन तास मी त्याला प्रश्न विचारले. अंगाला हात लावला नाही, पण आवाजानं जितकं करता येतं तितकं केलं. चौकशीत माणूस खरा की खोटा हे ओळखायची माझी एक पद्धत होती. खोटा माणूस दर वेळी तेच शब्द तसेच्या तसे सांगतो, खरा माणूस गोंधळतो. हा तर पार गोंधळला होता. दर दहा मिनिटांनी विचारत होता, “सर, ती शुद्धीवर आली का?” मला वाटलं, याला आपल्या मानेची काळजी. माणूस एकदा वाईट ठरवला की त्याचं चांगलंही वाईटच दिसतं.

“पंखा काहून लावला?” मी विचारलं.

“धूर वर जावा म्हणून, सर. छताच्याही वर, कोणाच्याच घरात नाही. तुम्हीच तर म्हणाले होते, इंतजाम कर.”

“माझं नाव मधात आणू नको.”

मी त्याचा मोबाईल जमा करून घेतला आणि त्याला बसवून ठेवलं.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. ते म्हणाले, सिगारेटच्या धुरानं असं होत नाही, रक्तात विषारी वायू सापडलाय, बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का? मी सकाळी झालेला पंचनामा काढून पाहिला. त्यात गिझरची नोंद होती आणि पुढं एक ओळ होती, ‘जाळी बंद स्थितीत.’ माझ्याच माणसानं लिहिलेली, मीच वाचून बाजूला ठेवलेली. खालच्या माणसाला घरी जायला सांगितलं, पण शहर सोडायचं नाही, असंही बजावलं. मनातली शंका अजून गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः एका महिला शिपायाला घेऊन त्या बाथरूममध्ये गेलो. जाळी बंद होती, म्हणजे डक्टमधला धूर आत येऊच शकत नव्हता. तेव्हा लक्षात आलं की आदल्या दिवशीचा भपकारा खोलीतला नव्हताच, तो दार तोडणाऱ्याच्या कपड्यांचा आणि श्वासाचा होता. हातातली सिगारेट टाकून वर धावलो, असं त्यानंच चौकशीत सांगितलं होतं. मग मी स्टुलावर चढलो. जाळीत कूलरच्या जुन्या ताट्यांचं गवत ठासून भरलेलं, त्यावर प्लास्टिक, आणि चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी. मुंगीलाही वाट नव्हती. पोरीचा जीव वाचावा म्हणून केलेलं काम, ते कोण अर्धवट करील? थंडी वाढली तसा गिझर जास्त वेळ चालायला लागला. आत तो पेटला की बंद खोलीतली हवा खाऊन टाकतो, आणि त्यातून जो वायू तयार होतो त्याला ना रंग ना वास.

मी काय बोललो होतो ते मला तिथंच आठवलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाईंचा जबाब घेतला. महिला शिपाई लिहीत होती.

“जाळी कधी बंद केली?” मी विचारलं.

“तुमच्याकडून आले त्याच दिवशी. कूलर काढून ठेवला होता, त्याच्या ताट्या होत्या घरात. तुम्हीच म्हणाले होते न साहेब, बंद करून टाका.”

त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. डॉक्टरनं गोळी दिली, मी घेतली, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. शिपायाचा पेन थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“पुढचं लिहा,” मी म्हणालो.

तिनं पुढचं लिहिलं. मग मी बाईंना गिझरचं आणि जाळीचं समजावून सांगितलं. त्या स्वतःच्या हातांकडे पाहत म्हणाल्या, “म्हणजे माह्याच हातानं झालं हे.” यावर मला एक वाक्य बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

चौथ्या दिवशी मुलीनं डोळे उघडले. महिनाभर तिचे हात थरथरत होते, पण तिनं बारावीची परीक्षा दिली. गुन्हा दाखल झाला नाही, अपघात म्हणून कागद बंद झाले. तो माणूस मोबाईल न्यायला आला. माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. म्हणाला, “सर, सिगारेट तर माझीच होती न. मी ओढली नसती तर जाळी उघडी राहिली असती.” सही करून निघून गेला. मी त्याला बस म्हणालो नाही, चहा विचारला नाही.

नंतर बाईंचे भाऊ बागेतली संत्री घेऊन आले, पेटी भरून. मोठा हात जोडून म्हणाला, “साहेब, तुमच्यामुळे खरं समोर आलं. नाहीतर आमच्या हातून त्या पोराचं बरंवाईट होऊन जात होतं.” सगळ्या ठाण्यानं संत्री खाल्ली. माझ्या वाटणीची मी परत पेटीत ठेवली.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं विचाराल तर एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. गॅसचा गिझर बाथरूमच्या बाहेर ठेवा, आणि आत असेलच तर जाळी बुजवू नका. दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. ठाण्यात बसलेल्या साहेबाचं बोलणं लोक सल्ला म्हणून घेत नाहीत, हुकूम म्हणून घेतात. आपण घाईत, वैतागून, तोंडाला येईल ते बोलून बैठकीला निघून जातो. तिकडे कोणीतरी स्टुलावर चढून ते शब्दाला शब्द पाळत असतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी डायरीत ‘समज दिली’ एवढंच कधी लिहिलं नाही, काय समज दिली तेही लिहीत गेलो. ठाण्यातली पोरं हसायची. हसू दे.

पण त्यानं जुना कागद बदलत नाही. आई म्हणाली, माझ्या हातानं झालं. शेजारी म्हणाला, सिगारेट माझी होती. दोघांनीही ते माझ्या तोंडावर सांगितलं, आणि मी खुर्चीत बसून ऐकून घेतलं. त्या जबाबाखाली माझी सही आहे आणि त्यात एक वाक्य कमी आहे. ते असं होतं:

साहेबांनी जाळी बंद करायला सांगितली, म्हणून मी बंद केली.