आगाशेकाकांची विनाथांबा एशियाड

आमच्या खालच्या मजल्यावरचे श्रीधर आगाशे मांजर पाळतील, असं गेल्या वर्षी मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला गणिताच्या जादा तासाला बसवलं असतं. मी कोथरूडमध्ये आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. अशक्य गोष्टी ओळखायची मला सवय आहे, असा माझा समज होता.

काका तीस वर्षं एसटीत होते, त्यातली शेवटची बरीचशी स्वारगेटला वाहतूक नियंत्रक म्हणून. कोणती गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, उशीर झाला तर का झाला, हे वहीत लिहायचं आणि भोंग्यावरून प्रवाशांना सांगायचं. ते निवृत्त झाले त्याला पाच वर्षं झाली, पण एसटी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. वही तीच, आवाजही तोच. दूधवाला सहा मिनिटं उशिरा आला की नोंद. मी जिना उतरताना दिसले की "आज चार मिनिटं उशीर" असं दारातून ऐकू येणार. कळवल्याबद्दल आभारी आहे, असं म्हणून मी पुढे जाणार. आमचा शेजारधर्म हा असा.

त्यांच्या पत्नी कुसुमकाकू अगदी वेगळ्या. कमी बोलायचं, काम करायचं आणि रोज साडेअकराला तळमजल्यावर चंद्रभागामावशींकडे गोधडी शिवायला जायचं. चंद्रभागामावशी ओव्हाळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांचा हात शिस्तीचा आणि जीभ त्याहून. आठ वर्षं या दोघी एकच गोधडी शिवत होत्या. मिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या काकांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

दिवाळीच्या सुमारास काकांच्या स्कूटरच्या इंजिनाशेजारी मूठभर पिल्लू सापडलं. काका त्याला खाली सोडून वर आले आणि पिल्लू त्यांच्या आधी दारात हजर. मधल्या एकाही पायरीवर न थांबता ते आलं, म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलं एशियाड. जुन्या निमआराम एसटीचं हे नाव घेताना काकांचा चेहरा अजून उजळतो. एशियाडनेही नावाची लाज राखली. पहाटे पाच चाळीसला पडद्यावर, सहा दहाला वर्तमानपत्रावर, आठला पालीच्या मागे. पाल कधी सापडली नाही, पण गाडी वेळेवर सुटायची. दुपारी एक ते चार मात्र कडकडीत बंद. काका कौतुकाने म्हणायचे, पोर पक्की पुणेकर आहे.

आणि पक्की शाकाहारीसुद्धा. याचा काकांना केवढा अभिमान. आगाशांच्या स्वयंपाकघरात अंड्याचं टरफलही कधी आलेलं नव्हतं, तिथे मांजर आलं म्हणून नियम बदलणार थोडेच? दूधभात, साय, ताकभात, वर साजूक तूप. मी एकदा मांजराच्या खाण्याचं पाकीट आणून दिलं होतं. काकांनी भिंग लावून त्यावरची बारीक अक्षरं वाचली, 'मासे' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि पाकीट सन्मानपूर्वक परत केलं. आणि मी ते निमूट परत घेतलं. माझ्या शहाणपणाची ही थोडक्यात कहाणी.

मे महिन्यातल्या एका रविवारी पाच चाळीसची गाडी सुटली नाही.

सोमवारी सहा दहाची रद्द झाली. मंगळवारी एशियाड फ्रिजच्या बाजूला फरशीवर पडून राहिली ती उठेचना. काका वही घेऊन खाली मांडी घालून बसले. ती वही मी पाहिली आहे. 'सात पंधरा : दोरी हलवली. प्रतिसाद एक कान. सात तीस : चेंडू टाकला. पाहिला, सोडून दिला. आठ पाच : पाल भिंतीवर. मांजराने डोळे मिटले.' ही शेवटची नोंद लिहिताना त्यांचं पेन कागदात रुतलं होतं.

एव्हाना सोसायटीतल्या प्रत्येकाने निदान करून टाकलं होतं. कुणी म्हणालं उन्हाळा आहे, कुणी म्हणालं वयात येतेय, कुणी म्हणालं दृष्ट लागली. एकट्या कुसुमकाकूंनी एशियाडचा ओठ अंगठ्याने वर केला, हिरड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "पांढऱ्या पडल्यात. रक्त कमी झालंय हिचं."

तू डॉक्टर कधीपासून झालीस, असं काकांनी विचारलं. साडेअकरा वाजले म्हणून काकू खाली गेल्या.

बुधवारी सकाळी नऊला काका माझ्या दारात उभे. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, आणि हा माणूस बटणसुद्धा वेळापत्रकाप्रमाणे लावणारा. जिवावरचं काहीतरी आहे हे मला तिथेच कळलं. एशियाडने सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. दहावीच्या पोरांना मी आज सुट्टी असल्याचा निरोप पाठवला. त्यांच्या आनंदाकडे बघायलाही मला वेळ नव्हता. दोन प्लॅस्टिकच्या टोपल्या एकावर एक ठेवून सुतळीने बांधल्या, आत काकूंच्या जुन्या साडीवर एशियाड. मी स्कूटर चालवते, काका मागे टोपली पोटाशी धरून. पौड रस्त्यावर जो कोणी आडवा आला, त्याला काकांनी स्वारगेटच्या आवाजात बाजूला केलं. एका पीएमटीच्या चालकाने तर घाबरून खरंच बस थांबवली. मी जन्मात एवढी बेकायदा स्कूटर चालवली नव्हती आणि लाज वाटायच्या ऐवजी मला जोर चढत होता.

डॉक्टर शेफाली माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी एशियाडचे डोळे पाहिले, पोट चाचपलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. मी आणि काका एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. मग रक्त काढलं. पायाला सुई टोचली तरी एशियाड ओरडली नाही, तेव्हा काकांनी भिंतीकडे तोंड केलं.

अहवाल अर्ध्या तासात आला. रक्त फारच कमी होतं, जंतही होते. खायला काय देता, या प्रश्नावर काकांनी ताठ उभं राहून सगळं वेळापत्रक म्हणून दाखवलं, दूधभातापासून साजूक तुपापर्यंत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"काका, नाव एशियाड ठेवलंत ना? ही गाडी डिझेलवर चालते. तुम्ही सहा महिने टाकीत ताक ओतताय."

काकांना कुणी असं सुनावलेलं मी प्रथमच पाहिलं, आणि मला मजा आली नाही. डॉक्टरांनी सुई दिली, जंताचं आणि रक्त वाढायचं औषध दिलं आणि सरळ सांगितलं. मांजराला मांसाहार लागतोच, ती त्याची आवड नव्हे, गरज आहे. तयार खाण्याची पाकिटं घ्या, पुढे चिकन, मासे सुरू करा. आज पोटात जाईल म्हणून उकडलेल्या अंड्याच्या बलकापासून सुरुवात करा. आठ दिवसांत रक्त वाढलं नाही तर चढवावं लागेल, आणि त्यासाठी रक्त देणारं मांजर तुम्हालाच शोधावं लागेल. काकांनी फक्त एवढंच विचारलं, की अंडं किती वाजता द्यायचं.

परतताना अंड्यांच्या दुकानापाशी थांबलो. काका पायरीवर दोन मिनिटं नुसते उभे राहिले. मग त्यांनी अर्धा डझन मागितली आणि एकेक उजेडासमोर धरून पाहिलं. कोणत्या तारखेची, असंही विचारलं. कोंबडीने लिहून दिलेलं नाही, असं दुकानदार म्हणाला. एरवी या वाक्यावर काकांनी अर्धा तास घालवला असता. आज त्यांनी पिशवी घेतली आणि पळत स्कूटर गाठली. सोसायटीच्या फाटकात वॉचमनने मान वर करायच्या आत काकांनी स्वतःच जाहीर केलं, की पिशवीत अंडी आहेत आणि ज्याला काही म्हणायचं असेल त्याने लेखी द्यावं.

खरी तारांबळ घरात उडाली. अंडी ओट्यावर, एशियाड टोपलीत, आणि अंडं उकडायचं कसं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. माझ्याही घरात कधी शिजलेलं नव्हतं. मी फोनवर शोधलं तर एक बाई सात मिनिटं सांगत होती, एक दाढीवाला तेरा. काकांना नक्की वेळ हवी. सात की तेरा, ते म्हणत होते, सहा मिनिटांचा फरक म्हणजे काय थोडाथोडका फरक झाला? भांडं कोणतं घ्यायचं यावर त्यांचं स्वतःशीच भांडण चाललं होतं. टोपलीतून एक अगदी बारीक आवाज आला आणि काका भांडं सोडून तिकडे धावले.

तेवढ्यात कुसुमकाकूंनी आम्हाला दोघांना बाजूला सारलं. त्यांनी नेहमीचंच एक पातेलं घेतलं, गार पाणी ओतलं, दोन अंडी अलगद सोडली, चिमूटभर मीठ टाकलं आणि गॅस पेटवला.

"उकळी आली की दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "मिठाने तडकत नाही. मग गार पाण्यात टाकायचं, साल सुटते."

काकांनी घड्याळ लावलं. दहा मिनिटं ते काट्याकडे बघत उभे होते. मग काकूंनी अंडं ओट्यावर टिचकवलं, तळव्याखाली एकदा गोल फिरवलं आणि टरफल दोन तुकड्यांत काढून ठेवलं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्या माणसाचं नव्हतं. ते काकांनाही दिसलं.

तुला हे कसं येतं, त्यांनी विचारलं. काकू बलक बोटांनी कुस्करत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं, की आठ वर्षांपूर्वी त्यांचं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. गोळ्या पोटाला सोसेनात, तेव्हा डॉक्टरांनी अंडं सांगितलं. चंद्रभागाताई स्वतःच म्हणाल्या, की घरी जमत नसेल तर माझ्याकडे या. म्हणून रोज साडेअकरा. पहिला महिना ताईंनी उकडून दिली, मग काकूंना शिकवलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"मी जिन्यात दोनदा बसले होते," काकू म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, ऊठ लवकर, गाडी चुकेल."

काका ओट्याला टेकले. मांजराचा एक कान हलला तरी वेळेसकट लिहिणारा माणूस. त्याची बायको जिन्यात दोनदा बसली आणि त्याची कुठेच नोंद नव्हती. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांची दयाही आली. काकूंनी मात्र दोन्हींतलं काही मागितलं नव्हतं. त्या बलकाचं बोट घेऊन खाली बसल्या.

एशियाडने बोट हुंगलं. एक कान उभा राहिला. मग दुसरा. जिभेचं गुलाबी टोक बाहेर आलं, बोटाला लागलं, आत गेलं. पुन्हा आलं. काकांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उठले. तिने बोट चाटून पुसून काढलं, बशीतलं उरलेलं संपवलं आणि काकूंच्या मुठीवर पंजा ठेवून चक्क ओरडली. अजून हवं होतं. काका ओरडले, मी ओरडले, खालून चंद्रभागामावशी काय झालं म्हणून वर आल्या. ओट्यावरची टरफलं आणि काकांचा चेहरा पाहून त्यांना सगळं कळलं.

"आठ वर्षं झाली, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्या वेळापत्रकात नव्हतं वाटतं."

नव्हतं, काका म्हणाले, चूक माझी आहे. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आयुष्यात प्रथम ऐकलं, म्हणून तारीख लिहून ठेवली आहे.

पुढचे आठ दिवस आमचा अख्खा जिना पायाच्या बोटांवर चालत होता. पाकिटं आली, चिकन मावशींच्या घरातून शिजून आलं, पण ते वाढायचे काका स्वतः. सहाव्या दिवशी पाच चाळीसला काकांचा आवाज खालून माझ्या फरशीला थडकला. एशियाड पडद्यावर गेली होती, दांडीसकट पडदा खाली आला होता आणि काका आनंदाने भोंगा झाले होते. आठव्या दिवशीच्या तपासणीत रक्त वाढलेलं निघालं. डॉक्टर शेफालींनी पेढा घेतला आणि हा मांजराला देऊ नका असं दोनदा बजावलं.

त्याच दिवशी अकरा वाजता मी खाली गेले, तर काका ओट्याशी उभे. त्यांनी एक अंडं उकडलं होतं, घड्याळ लावून, बरोबर दहा मिनिटं. साल काढताना त्याची दशा झाली होती, अर्धा पांढरा भाग टरफलाबरोबरच गेला होता. ते बशीत घालून, वर मीठ-मिरपूड टाकून त्यांनी काकूंच्या पुढे ठेवलं. आपल्याच घरात, आपल्याच टेबलावर काकूंनी ते हळूहळू खाल्लं. मीठ जरा कमी आहे, म्हणाल्या. डोळे पुसले ते मिरपूड उडाली म्हणून, असं त्यांचं म्हणणं होतं.

साडेअकराला त्यांनी सुईदोऱ्याची डबी उचलली. काका गोंधळले. अंडं तर इथेच झालं, आता खाली कशाला, असं त्यांनी विचारलं.

"अंडं झालं," काकू म्हणाल्या. "गोधडी राहिली आहे."

त्या गेल्या. एशियाड त्यांच्या पुढे धावली. काका दाराच्या चौकटीत उभे राहून त्यांची पावलं ऐकत राहिले, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत. मग आत आले, वही उघडली आणि मांजराच्या पानाशेजारचं कोरं पान काढलं. त्यावर सावकाश अक्षरात लिहिलं, 'अकरा तीस : कुसुम. जिना विनाथांबा.'