तिघांचं टेबल

स्वयंपाकघर लहान, म्हणून जेवणाचं टेबल मापानुसार घरीच करून घ्यायचं ठरलं. सुतारानं विचारलं, "माणसं किती?"

मी पटकन म्हणालो, "तीन. मी, बायको, मुलगी."

टेपचं दुसरं टोक माझ्या बाबांनी धरलं होतं. चूक लक्षात येताच मी म्हटलं, "बाबा, चौघांचं करू या."

"नको रे, मला खाली मांडी घालूनच बरं वाटतं."

आणि मी ते लगेच मान्य केलं. जागा अपुरी पडली की कोणाला वगळायचं, हे मनानं आधीच ठरवलेलं असतं. जीभ फक्त बोलून टाकते.

टेबल सुबक झालंय. जेवण झालं की बाबा भिंत धरून, गुडघे सावरत उठतात. आम्ही तिघं तेव्हा आपापल्या ताटात बघत राहतो.