अठराव्या वर्षाचे पैसे

शर्टांच्या कारखान्यात ती काजं-बटणं करायची आणि तिच्या शेजारच्या मशीनवर मी कॉलर जोडायची. तिला आम्ही सगळ्या जणी बँकबाई म्हणायचो. सरकारकडून प्रत्येक मुलामागे दर महिन्याला खात्यावर जे पैसे यायचे, ते आमच्याकडे आठवडाभरसुद्धा टिकत नसत. हिने मात्र लेकीच्या जन्मापासून त्यांना हात लावला नव्हता.

"पोरीचे पैसे पोरीच्या अठराव्या वर्षाला," ती ठणकावून सांगायची. "मध्ये कुणी मागायचे नाहीत. मीसुद्धा नाही."

त्याला कारण होतं. सातवीत असताना फी भरता आली नाही म्हणून तिच्या वडिलांनी तिचं नाव शाळेतून काढलं होतं. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. आपल्या लेकीवर ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढाच तिचा ध्यास. आम्हाला त्याचं भारी कौतुक. मीसुद्धा तिचं ऐकून माझ्या मुलाच्या नावाने खातं उघडलं होतं.

लेक मात्र धांदरट निघाली, असं तीच सांगायची. पोरगी कप टेबलावर ठेवायला जायची आणि तो काठावरून खाली. पायरी चुकायची. सुईत दोरा ओवायला दिला की दोरा सुईच्या बाजूने निघून जायचा. "डोळे फुटलेत का गं तुझे?" असं ही दिवसातून दहादा ओरडायची. आपण सगळेच म्हणतो तसं.

पोरगी पाच वर्षांची असताना शाळेतून चिठ्ठी आली. डाव्या डोळ्याने कमी दिसत असावं, डॉक्टरांना दाखवा. नवरा घरं रंगवायची कामं करायचा, शांत माणूस. तो म्हणाला, "दाखवून आणू या ना. तिचेच पैसे आहेत की."

"एकदा हात लागला की संपलंच," ती त्याच्या अंगावर धावून गेली. "आज डोळा, उद्या दात. थोडी मोठी झाली की होईल नीट."

पुढच्या वर्षी दुसरी चिठ्ठी आली. ती तिने नवऱ्याला दाखवलीच नाही.

आठव्या वर्षी पोरगी उघड्या खिडकीच्या कोपऱ्यावर आदळली. डाव्या भुवईवर चार टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यापुढे बोट फिरवून पाहिलं आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

तिथे काय झालं ते तिने आम्हाला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. डबा उघडलाच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पोरीचा उजवा डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. पोरगी म्हणाली, "कुठे आहेत अक्षरं?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्यात मोठा बिघाड नव्हता, पण नंबर जास्त होता आणि त्या डोळ्याने बघायची सवयच मेंदूला लागली नव्हती. दोन-तीन वर्षं आधी चष्मा आणि पट्टी सुरू केली असती, तर खूप फरक पडला असता. आता जमेल तेवढं करू.

"शाळेतून कधी कळवलं नाही का?" त्यांनी विचारलं.

"कळवलं होतं," ही म्हणाली. "पण पैशांची ओढाताण होती हो, मॅडम."

तेवढ्यात पोरगी मध्येच बोलली. "नाही काही! माझे खूप पैसे आहेत. आईने एकदासुद्धा हात नाही लावला त्यांना." आई चारचौघांत सांगायची तस्सं, मान ताठ करून.

नवरा भिंतीवरचा तक्ता बघत बसला. डॉक्टरीणबाई खाली बघून कागदावर लिहायला लागल्या.

"त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं," ती आम्हाला म्हणाली. मग एकदम माझ्याकडे वळली. "तुझ्या मुलाचा कान दुखतो म्हणत होतीस. थांब, आपोआप जाईल, पैसे मोडू नकोस, असं मीच तुला म्हटलं होतं. आजच्या आज घेऊन जा त्याला."

मला कुणाकडे बघवेना. तीन आठवडे मी मुलाला रडू दिलं होतं आणि खात्यातली रक्कम वाढली म्हणून मनातून खूश होते. त्या संध्याकाळी त्याला नेलं. कान आतून पिकला होता. औषधाने बरा झाला, एवढं माझं नशीब.

तिने खात्यातले पैसे काढले. चष्मा आला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी आली. पट्टी लावली की पोरीला सगळं धूसर व्हायचं, ती रडायची, ओढून काढायची. मग ही कारखान्यातून टाकाऊ बटणं नेऊन तिच्यासमोर बसायची आणि रंग ओळखून ओवायला लावायची. दोरा चुकला तरी आवाज चढवायची नाही. दोन वर्षांत त्या डोळ्याला निम्म्यासारखं दिसायला लागलं. तिथेच थांबलं.

उरलेले पैसे ती साठवत राहिली, पण त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. बँकबाई म्हणणं आम्हीच आपोआप सोडून दिलं.

परवा लेक अठरा वर्षांची झाली. पुढच्या शिक्षणाची पहिली फी भरण्याइतके पैसे खात्यात होते. फी भरून परत येताना हिने तिला त्या दोन चिठ्ठ्यांबद्दल सांगितलं, दुसरी बापापासून लपवली होती तेसुद्धा.

"एक बाबांनी सांगितली होती मागेच," लेक म्हणाली. "दुसरी माहीत नव्हती."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलून काय, डोळा बदलून मिळणार होता?"

कारखान्यात तिच्या तोंडून हे ऐकून मी हसले. पोरीच्या बोलण्याला धारच तशी आहे. ती हसली नाही. काजाच्या मशीनवर मान घालून काम करत राहिली, आणि मग मलाच कसंतरी झालं.