दुपारी बंद

आमच्या कॉलनीची बाग सुरू झाली त्याच आठवड्यात मी एका निवृत्त हेडमास्तरांना आत ठेवून गेटला कुलूप लावलं. सेक्रेटरी मीच, किल्ली माझ्याकडेच. नऊ वाजले, कुलूप घातलं. घरी येऊन पोह्यांवर शेव पेरतोय तोवर फोन.

"अहो सेक्रेटरी, मी बागेतच आहे अजून. पोरांना मी उन्हात उभं केलंय, पण कोंडलं नव्हतं कुणाला!"

तोंडातल्या घासासकट धावलो. त्याच संध्याकाळी मीटिंग घेऊन सगळ्या सभासदांना डुप्लिकेट किल्ल्या वाटल्या. कामाचा उरक बघा आमचा.

ही बाग आधी नुसती ओपन स्पेस होती. वर्षानुवर्षं तिथं वेड्या बाभळी, बांधकामाचा राडारोडा आणि डुकरं. स्वच्छ जागा एकच, मधल्या कडुलिंबाखालची. मागच्या पत्र्याच्या घरांतल्या पाच-सहा बायका दुपारी तिथं बिड्या वळत बसायच्या. आल्या की आधी झाडून घ्यायच्या. मग मांडीवर सूप आणि आपसात तेलुगूत गप्पा. पानं भिजवलेलं उरलंसुरलं पाणी जाताना झाडाच्या बुंध्याशी ओतायच्या. हे मी खिडकीतून रोज बघत होतो. बघत होतो, एवढंच.

मग आम्ही जागेचा उद्धार केला. बाभळी काढल्या, कुंपण घातलं, लॉन लावलं. वेळेचा बोर्ड मी स्वतः रंगवला: सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी पाच ते आठ. 'दुपारचं काय?' असं मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं होतं. मीच म्हणालो, "सोलापुरात दुपारी बागेत कोण येतंय मरायला?" सगळे हसले. मीटिंग कूलरपुढं चालली होती.

किल्ल्या वाटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बायकांतली एक म्हातारी गेटपाशी थांबली.

"साहेब, दुपारचं तेवढं उघडं ठेवा की. घरात पत्रा लई तापतोय. पान वाळतंय, वळताना फुटतंय. फुटकी बिडी कारखान्यात घेत न्हाईत."

"पुढच्या मीटिंगला विषय घेतो, मावशी."

"व्हय, घ्या बरं."

तिनं तीनदा विचारलं. मी तीनदा विषय घेतला, म्हणजे 'घेतो' म्हणालो. पुढं तिनं विचारणं सोडलं, आणि मला चक्क हलकं वाटलं.

वैशाखात एका दुपारी लाईट गेली. कूलर थांबला. डोक्यावर पक्का स्लॅब असूनही मी दहा मिनिटांत ओला टॉवेल पांघरून बसलो, आणि त्या म्हातारीचा पत्रा आठवला. उठलो, बागेत गेलो, गेट सताड उघडलं. लॉन करपून गेलं होतं. सावली मात्र होती तशीच. चारपर्यंत कडुलिंबाखाली एकटा बसलो. कुणी आलं नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं, की आजपासून दुपारी गेट उघडं. मीटिंग गेली खड्ड्यात. शाबासकी मिळेल असं वाटत होतं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उघडलंत ते बरं केलंत. पण तिला जाऊन सांगितलंत का? आणि जाल कुठं सांगायला? इतकी वर्षं ती आपल्या दारावरून जात होती. मागच्या पत्र्याच्या घरांतलं तिचं कुठलं, ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"